लंगडा घोडा आणि वारकऱ्याचा नेम

माउलींच्या पालखी सोहळ्यातले रिंगण ज्याने एकदा डोळे भरून पाहिले आहे, त्याला घोड्याविषयी वेगळे काही सांगायला नको. सुमारे १८३२ साली श्रीहैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजचे रूप दिले आणि अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्यासाठी अश्व दिले. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून हे अश्व आजही सुमारे ३०० किलोमीटर चालत आळंदीस येतात आणि मग पंढरीची वाट धरतात. दोहोंपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी नसते. म्हणजे आपल्या डोळ्यांना कोणी दिसत नाही, तेथे माउली बसलेली असते. चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते, पुढे सदाशिवनगरला गोल रिंगण होते, अश्व वाऱ्यासारखे निघून जातात आणि हजारो माणसे त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी वाकतात.

सज्जनहो, ही माती लावणे सोपे आहे. टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो, घोडा दौडत असतो, आपला हात आपोआप खाली जातो. पण ज्या घोड्याचा पायच नीट उचलत नाही, त्याच्या पायाशी आपले नाते काय? हा प्रश्न मला आपण होऊन कधी पडला नसता. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीतून ज्येष्ठात एक पत्र आले, त्याने तो पुढे आणून ठेवला. पत्र लिहिणारे गृहस्थ माळकरी आहेत, वडिलांपासून घरात आषाढीचा नेम आहे. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून देत नाही.

आपल्या तळकोकणात घोडा तसा परका. भाताच्या मळ्यात बैल किंवा रेडा, ओझ्याला आपले डोके, खाडी ओलांडायला होडी, यात घोड्याला जागा कुठली? शिवछत्रपतींनी मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला तो दर्यासाठी. घोडदळाचा मुलूख घाटावरचा. पण १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा ठरला, माणसे पुळणीवर हिंडायला येऊ लागली, आणि पोराबाळांना पाठीवर बसवून फिरविण्यापुरता घोडा कमाईचा झाला. आमच्या या गृहस्थांनीही घाटावरच्या एका बाजारातून एक घोडा आणला. सबंध हंगामभर तो भरतीच्या रेषेपासून सुरूच्या बनापर्यंत माणसे वाहात होता.

चैत्रात त्याचे लक्षण बिघडले. मागच्या उजव्या पायाचा खूर वाळूत ओरखडा काढीत जाऊ लागला. सकाळी थानावरून काढला की चार पावले अवघडून टाकी, मग सैल होई. तेव्हा हा आळस आहे असे समजून पाठीवर चाबूकही बसला. पुढे पुढे सैल होईना. गुरांच्या डॉक्टरांनी तो पाय मिनिटभर दुमडून वर धरला आणि लगेच दुडकीने पळवायला सांगितले, तेव्हा लंगडणे उघड झाले. क्ष-किरणांचा फोटो निघाला. मागच्या पायाच्या मोठ्या सांध्यात, खालच्या अंगाला, संधिवात बसला होता. दात पाहिले तर दुधाचे मधले दात नुकते पडून नवे येत होते, म्हणजे वय कसेबसे अडीच वर्षांचे! बाजारात चार वर्षांचा म्हणून घेतलेला घोडा खरे तर वाढते शिंगरूच होते.

आता गावची मते. एकाने सांगितले, विकून मोकळा हो. दुसरा म्हणाला, त्याचे भोग आहेत, तू कशाला जिवाला लावून घेतोस? तिसऱ्याने सुचविले, सुई मारून घे, पुढचा हंगाम निभावेल. आणि आषाढी तर तोंडावर आलेली. शेवटी त्यांनी आपल्या बोलीतच विचारले आहे, "बुवा, माका इतक्याच सांगा, वारीक जावचा की घोड्याकडे रवाचा?"

उत्तर देण्याआधी दुखणे काय आहे ते समजून घेतले पाहिजे. घोड्याच्या मागच्या पायाचा जो सांधा मागे वाकलेला दिसतो त्याला आपण गुडघा समजतो. तो गुडघा नव्हे. गुडघा वर, पोटाजवळ असतो. हा सांधा म्हणजे आपला घोटा आणि टाच. घोडा जन्मभर एकेका बोटाच्या टोकावर चालतो, टाच अधांतरी ठेवून. पुढे झेप घ्यायचा सगळा जोर या घोट्यातून निघतो. घोटा दिसायला एक, पण आत सांधे चार, एकावर एक. वरचा सांधा भरपूर हलतो. खालचे दोन जेमतेम हलतात, आणि संधिवात बहुधा त्यांनाच गाठतो. हिंदुस्थानी घोडेवाले या रोगाला हड्डा म्हणतात. म्हाताऱ्या घोड्याला तो झिजेने होतो. कोवळ्या घोड्याला होतो तेव्हा कारणे निराळी असतात: कधी जन्मतःच घोट्याची लहान हाडे पुरी कठीण झालेली नसतात, कधी कुर्चेत दोष असतो, कधी पायाची ठेवण वाकडी असते, आणि पुष्कळदा हाड पक्के होण्यापूर्वीच पाठीवर ओझे चढविलेले असते. त्यातून पुळणीची सुकी भुसभुशीत वाळू. तिच्यात पाय रुततो आणि प्रत्येक पावलाला घोट्याला दुप्पट ओढ बसते.

आणि या रोगाची एक नवलाची गोष्ट आहे. खालचे ते दोन सांधे झिजत झिजत कधी कधी एकमेकांना जुळतात, दोन हाडांचे एक हाड होते, आणि मग दुखणे थांबते. सांधा गेला, पण वेदनाही गेली, आणि ते सांधे मुळातच फारसे हलत नसल्यामुळे घोडा पुन्हा बरा चालू लागतो. याला कित्येक महिने लागतात, कधी वर्षे. होईलच असे कोणी सांगू शकत नाही. रोग वरच्या सांध्यात असेल तर ही आशाही नाही. आमच्या गृहस्थांच्या घोड्याचा रोग खालच्या सांध्यात आहे, म्हणजे आशेला जागा आहे. परंतु ती आशा वाट पाहणाऱ्याची आहे.

आता भोगाची गोष्ट. 'त्याचे भोग' हे वाक्य आपल्या गावांतून फार सहज उच्चारले जाते, आणि उच्चारणारे बहुतेक माळकरीच असतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. प्रारब्ध आपल्याला मान्य आहे. ते खोटे आहे असे म्हणण्याची मला गरज नाही. मला इतकेच दिसते की ज्या संतांनी प्रारब्ध मानले त्यांनी ते स्वतःच्या दुखण्याला लावले. आपल्यावर आलेले सोसताना, कोणाला दोष न देता उभे राहण्यासाठी, हा विचार औषधासारखा आहे. तेच औषध दुसऱ्याच्या दुखण्यावर ओतले की त्याचे विष होते. कारण मग ज्याला दुखते तो तसाच राहतो आणि आपण मात्र मोकळे होतो. पैठणला रेड्याच्या पाठीवर आसूड उडाले तेव्हा ज्ञानोबांनी त्या मुक्या जिवाचे भोग काढले नाहीत. वळ त्यांच्याच अंगावर उठले अशी कथा आहे. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी आहे आणि लोक तेथे डोके टेकतात. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. या कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो, आणि घरी येऊन घोड्याचे भोग मोजतो!

या घोड्यापुरते तर भोगाचे बोलणे तर्कालाही टिकत नाही. अडीच वर्षांच्या शिंगरावर हंगामभर माणसे बसविली, याला कारण पूर्वजन्मीचे कर्म की या जन्मीची घाई? जाणते लोक सांगतात की पुऱ्या वाढलेल्या घोड्यानेदेखील आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार घेऊ नये. म्हणजे तीनशे किलोच्या घोड्यावर खोगिरासह साठ. पुळणीवर बसणारा धडधाकट पाहुणा एकटाच किती वजनाचा असतो हे आपण सगळे पाहतो. मात्र हे मी त्या गृहस्थांना टोचण्यासाठी लिहीत नाही. वय त्यांना चुकीचे सांगितले गेले होते. पण आता कळल्यावर कारण नशिबाकडे ढकलू नये, एवढेच.

तिसऱ्या शेजाऱ्याचा सल्ला मला अधिक कठीण वाटतो, कारण तो दयेचे रूप घेऊन येतो. दुखते आहे ना? मग दुखणे थांबव. यात वाईट काय? औषधाने वेदना कमी करणे हे पुण्यच आहे, त्याविषयी शंका नको. दुखणारा घोडा पाय टेकीत नाही, पाय टेकला नाही की स्नायू वाळतात, स्नायू वाळले की सांध्याला आधार राहात नाही. म्हणून डॉक्टर वेदनेवर औषध देतात, सांध्यात सुईही देतात, आणि ते योग्य आहे. प्रश्न औषधाचा नाही, औषधामागच्या हेतूचा आहे. घोड्याला बरे वाटावे म्हणून दिले, की त्याने पुन्हा माणसे वाहावी म्हणून दिले? बाटली तीच, मात्रा तीच. पण पहिल्या वेळी औषधानंतर घोड्याला हळूहळू फिरवितात, दुसऱ्या वेळी त्याच्यावर खोगीर चढवितात. वेदना ही देवाने शरीरात ठेवलेली पहारेकरीण आहे. तिला विसावा देणे वेगळे आणि तिचे तोंड बांधून घर लुटणे वेगळे. घोडा तर आधीच दुखणे लपविणारा प्राणी. रानात लंगडणाऱ्याला वाघ आधी धरतो, म्हणून त्याच्या जातीला लपविण्याची सवय लागली. त्याने कसेबसे जे सांगितले तेही आपण औषधाने पुसून टाकायचे? आजारी किंवा अपंग जनावराला कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे. पण कायदा नसता तरी माझे म्हणणे हेच राहिले असते.

औषधाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो, कारण आपल्या लोकांना ते फारसे ठाऊक नसते. लंगड्या गुरांना पूर्वी सर्रास डायक्लोफिनॅक देत. गाय-बैल मेले की ते मढे गिधाडे खात, आणि त्या औषधाच्या अंशाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. पाहता पाहता जटायूचे कूळ बुडाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतले हजारात एखादे उरले. २००६ साली हे औषध जनावरांसाठी बंद झाले, पुढे २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक हीही बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना अपाय करीत नाही. देणाऱ्यांच्या मनात दयाच होती, यात मला शंका नाही. पण नुसता कळवळा आंधळा असतो. म्हणून माणसाची कंबर दुखते त्यावरची दुकानातली गोळी घोड्याला घालू नये. डॉक्टर सांगतील तेच, तेवढेच दिवस. ही औषधे जास्त झाली तर घोड्याच्या पोटात व्रण पडतात.

विकण्याविषयी थोडक्यात. विकणे पाप आहे असे मी म्हणणार नाही. गरिबाला दोन दाव्यांची चंदी परवडत नाही हे मला कळते. पण लंगडेपणा सांगून विकला तर घेणारा कोण असेल, आणि न सांगता विकला तर आपण कोण ठरू, याचा विचार ज्याचा त्याने करावा. रात्री सडकेवर सोडून देणे हा तर विक्रीहून नीच मार्ग, आणि तो 'आम्ही मारीत नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्यांच्या गावांतूनच अधिक चालतो. मारून सोडविण्याचा प्रश्न या घोड्याच्या बाबतीत उद्भवत नाही. तो खातो, आडवा होतो, उठतो, माणूस दिसला की कान टवकारतो. जेथे हाड चकनाचूर झाले आहे, उपाय उरलेला नाही आणि प्राण जात नाही, तेथे डॉक्टरांच्या हातून शांत मरण देण्यास कायद्याची वाट आहे, आणि तसे करणाऱ्या माळकऱ्याला मी दोष देणार नाही. माझ्या काही मित्रांना हे पटत नाही, हे मी जाणून आहे.

आता मुख्य प्रश्न, वारीचा. येथे आम्हा कीर्तनकारांना एक गोड वाक्य पटकन सुचते: घोड्याची सेवा हीच तुमची वारी! मी ते म्हणणार नाही. वारी ती वारी. तीनशे वाक्ये गोड बोललो तरी चंद्रभागेचे पाणी मालवणच्या खाडीत येत नाही. नेम चुकला तर चुकलाच, आणि त्याची हळहळ वाटलीच पाहिजे. जिला हळहळ नाही ती सवलत आहे, सेवा नव्हे. नाथबाबा काशीची कावड रामेश्वराला घेऊन निघाले होते. तापलेल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात त्यांनी ती ओतली. बरोबरच्या लोकांना वाटले, यात्रा फुकट गेली. त्यांचे वाटणे अगदीच वेडेपणाचे नव्हते. कावड खरोखरच रिकामी झाली होती. नाथांनी मोल देऊन ते पाणी पाजले, म्हणून ती कथा चारशे वर्षे टिकली. घरी रांजण भरलेला असता आणि त्यातून पेलाभर दिले असते तर कोण सांगत बसले असते?

आणि पंढरीचा मूळारंभच पाहा. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. त्याने मागे वळून वीट फेकली, थांबायला सांगितले, आणि देव थांबला. कोणी म्हणेल, ते आईबाप होते, हे जनावर आहे. दोहोंची बरोबरी कशी होईल? बरोबरी मी करीत नाहीच. आईबापांचे ऋण आपण जन्माला येताना घेतले, घोड्याचे ऋण आपण बाजारात पैसे मोजून घेतले. पण दुसरे ऋण आपण शुद्धीवर असताना घेतले, म्हणून ते नाकारायला तोंड कमी आहे. तो आपण होऊन घाट उतरून समुद्राकडे आला नव्हता.

तेव्हा उत्तर नुसत्या भावनेने देता येत नाही, ते घोड्याच्या दिवसाकडे पाहून द्यावे लागते. या रोगात घोड्याला खुंट्याला बांधून ठेवणे वाईट, सांधा आखडतो. रोज दोन वेळा, थोडे थोडे, हातात दोरी धरून सरळ चालविणे आवश्यक. तेही पावसात. जांभ्याच्या पाखाडीवर शेवाळ धरलेले असते, तेथे पाय घसरला तर महिन्याची कमाई एका क्षणात जाईल. सुकी वाळू वर्ज्य. ओहोटीनंतरची ओली, घट्ट पुळण चांगली, पण ज्येष्ठ-आषाढात दर्या खवळलेला असतो, तेव्हा वेळ पाहून जावे लागते. वाटोळे फिरवायचे नाही. थानात कोरडा पेंढा जाड अंथरावा. पावसाळी कोवळे गवत मुबलक म्हणून पोट सुटेपर्यंत चारू नये, कारण वाढलेला प्रत्येक किलो त्या घोट्यावर उभा राहतो. पाच-सहा आठवड्यांनी खूर तासून घ्यावे, पुढचे टोक आखूड आणि गोल ठेवावे, म्हणजे पाऊल उलटताना सांध्याला कमी जोर लागतो; नालबंद जवळ नसेल तर दोन-चार घोडेवाल्यांनी मिळून घाटावरून बोलवावा. आणि रोज पाहावे, की कालच्यापेक्षा खुराचा ओरखडा लांब आहे की आखूड. हे पाहणे कोणाला सांगून करून घेता येत नाही, निदान पहिले काही आठवडे. कमाईचे म्हणाल तर या घोड्याकडून येता हंगाम होणार नाही, हे आजच मनाशी धरावे. पुढे तो सुधारला तरी हाड पक्के होईपर्यंत पाठ मोकळी ठेवावी लागेल. मोकळ्या पाठीचा घोडा वारकऱ्याला अपरिचित नाही.

यावरून माझे मत असे. घरात असा कोणी असेल की ज्याच्या हाताला घोडा ओळखतो आणि ज्याला तो ओरखडा वाचता येतो, तर खुशाल निघा. विठोबाकडे जाताना घोड्याची चिंता घेऊन जाल, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तसा कोणी नसेल तर यंदाची आषाढी राहू द्या. एकादशीला गावच्या देवळात जागर करा, उपवास करा, हळहळ वाटेल ती वाटू द्या. लावणीच्या दिवसांत घर सोडता येत नाही म्हणून आषाढीला मुकणारी कितीतरी माणसे आपल्या जिल्ह्यात आहेतच. ती काही कमी प्रतीचे वारकरी नव्हेत.

कार्तिकीला त्यानंतर चार महिने मिळतात. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगितले आहे असे पत्रात आहे, तो कार्तिकीच्या आधीच निघेल. तो पाहून मग ठरवा. परंतु घोडा कोणाच्या हवाली करून जाणार ते मात्र आतापासून ठरवा, आणि त्या माणसाला रोज सकाळी बरोबर घेऊन दोरी त्याच्या हाती देत जा; नव्या माणसाच्या हाताने दुखरा घोडा पहिल्या दिवशी चालत नाही.